गाणं संपू तरी द्या रे

काल रात्रीपासून डोकं फिरलंय. डॅलसला मित्राकडे पॉटलक, सगळी आपलीच मंडळी, जेवणं झाल्यावर मलाच म्हणाले तू लाव काहीतरी, म्हणून मी अमेरिकन कंट्री गायक टोबी कीथचा 'अनलीश्ड' अल्बम लावला. २००२ चा. सुरुवातीलाच ते 'कर्टसी ऑफ द रेड, व्हाइट अँड ब्लू'. एक कडवं पण झालं नसेल, यजमान उठला आणि माझ्या फोनवरून गाणं बंद! विचारलं नाही, काही नाही. "माझ्या घरात युद्धखोर गाणी नकोत" म्हणे. लगेच दुसरा उठला, त्याने तेच परत लावलं, आवाज डबल, आणि यजमानाकडे बघून म्हणतो, "या देशाचा अभिमान नसेल तर परत जा ना." त्याच्याच घरात बसून! वहिनी बिचाऱ्या गुलाबजामच्या वाट्या घेऊन उभ्या. पाऊण तास भांडले आणि मी पैजेवर सांगते, दोघांपैकी एकानेही हा अल्बम शेवटपर्यंत ऐकलेला नाही. दोघांना ती अमेरिकेच्या शत्रूला बुटाची लाथ घालायची एक ओळ माहितीय, बास.

अरे, त्या गाण्यात कीथचा बाप आहे! सैन्यात डोळा गेलेला, अंगणात झेंडा लावणारा माणूस, मार्च २००१ मध्ये हायवेवर अपघातात गेला आणि सहा महिन्यांत ११ सप्टेंबर. त्या रागातून आलंय ते. लाथेची ओळ मलाही आवडत नाही, दर वेळी टोचते. आणि डिक्सी चिक्स या कंट्री बँडच्या गायिकेने, नॅटली मेन्सने, त्या गाण्याला अडाणी म्हटलं म्हणून कीथने कॉन्सर्टमध्ये तिचा सद्दामबरोबरचा खोटा फोटो दाखवला, तो तर नीचपणाच होता, मी कधीच माफ नाही केला. पण म्हणून ऐकायचंच नाही? तिकडे लंडनमध्ये नॅटली इराक युद्धावरून बुशविरुद्ध बोलली तर या देशाभिमानवाल्यांनी रेडिओवरून डिक्सी चिक्सची गाणी काढली, सीड्या ट्रॅक्टरखाली घातल्या. तेव्हा ते, आज हे, एकाच माळेचे मणी.

याच अल्बममध्ये कंट्रीतला बुजुर्ग गायक विली नेल्सन गातो, इराक युद्धाविरुद्ध गाणं लिहिणारा विली नेल्सन. कीथ स्वतः कित्येक वर्षं नोंदणीकृत डेमोक्रॅट. ओबामाच्या नोबेलला ऑस्लोत गायला, २०१७ ला ट्रम्पच्या शपथविधीच्या आदल्या दिवशीही गायला. इराक-अफगाणिस्तानात सैनिकांसमोर जाऊन गायला. बसवा आता कुठल्या खणात बसवताय ते.

आणि गाणं मध्येच बदलणारी माणसं मला मुळात सहन होत नाहीत. जिजाजी गाडीत तेच करतात, पंधरा सेकंद ऐकलं की पुढे. ऑफिसातला एक जण कंट्री म्हटलं की ट्रक, बिअर, कुत्रा एवढंच बोलतो. भाऊ पुण्याहून फोनवर विचारतो, गोऱ्यांची गाणी का ऐकतेस गं. का म्हणजे? आवडतात म्हणून!

फेब्रुवारी २०२४ मध्ये कीथ पोटाच्या कॅन्सरने गेला तेव्हाही आमच्या ग्रुपवर एकाने सलाम टाकला, एकाने "बरं झालं" लिहिलं. बासष्ट वर्षांचा माणूस कॅन्सरने गेलाय आणि बरं झालं? तो "बरं झालं"वाला म्हणजे कालचा यजमानच.

मी फोन उचलला, घरी येताना गाडीत परत पहिल्यापासून लावला आणि दारात आल्यावरसुद्धा शेवटचं गाणं संपेपर्यंत उतरले नाही. पुढच्या वेळी मला गाणी लावायला सांगू नका. सांगितलंत तर माझ्या फोनला हात लावायचा नाही.