भत्ता कमी वाढला म्हणे

रोज सकाळी रंकाळ्यावर तेच. निवृत्त सरकारी साहेब मंडळी कट्ट्यावर बसून म्हणणार, "यंदा महागाई भत्ता लईच कमी वाढवला की हो!" आणि शिरोलीच्या फौंड्रीत २८ वर्षं भट्टीपुढं भाजून निघालेला मी गप ऐकणार. माझी ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या योजनेची, पेन्शन महिना २,१४० रुपये. त्यात भत्ता ही भानगडच नाही. किमान पेन्शन २०१४ ला १,००० झाली, ती तिथंच रुतलीय. या साहेबांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर भत्ता. घ्या की, माझी ना नाही. (१ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांना ही जुनी पेन्शन बंद झाली, तिच्यासाठी त्यांनी मोर्चे काढले, तेही खरं.) पण निदान माझ्यापुढं "भागत नाही" म्हणू नका. काल तर चहाचे पैसेही मलाच द्यायला लावले!