पासिंग न झालेला ट्रॅक्टर

त्यानं पैसे घेतले नाहीत म्हणून मला राग आलाय, हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, डोकं तपासून घ्या. पण आलाय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या लेथवाल्यानं माझ्या हातातली नोट मागं सारली आणि वर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो. खेळण्याचं काय पैसं घ्यायचं? नातवाला म्हणावं, आपटू नगंस." माझं वय सत्तेचाळीस. नातू सोडा, पोरगी अजून नववीत आहे आणि तिनं या ट्रॅक्टरकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही.

ट्रॅक्टर म्हणजे डिंकी या धातूच्या जुन्या खेळण्यांच्या ब्रँडचा मॅसी-हॅरिस. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं १९४८ साली काढलेला, लाल अंगाचा, पिवळ्या चाकांचा, मुठीत मावणारा. भंगाराच्या पोत्यातून माझ्याकडे आला तेव्हा स्टिअरिंग गायब आणि मागचा हुक मोडका. ओळख पटवायला बॉनेटवरचं नाव कामाला येतं. खऱ्या मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या कंपन्या १९५३ मध्ये एक झाल्या, १९५८ पासून त्यांचं नाव मॅसी-फर्ग्युसन झालं आणि पुढं खेळण्यावरचं नावही बदललं. माझ्या ट्रॅक्टरवर भिंगाखाली 'हॅरिस'मधली दोन अक्षरं दिसली तेव्हा मी रात्री ओरडलो. घरातलं कुणी उठलं नाही.

लेथवाल्याकडे माझ्या आधी एक मामा बसले होते. शिरोळकडचे, डोक्याला टोपी, पायाशी गोणपाटात गुंडाळलेला रोटाव्हेटरचा शाफ्ट. मी रुमालातून ट्रॅक्टर काढला आणि मामा शाफ्ट विसरले.

"मॅसी न्हवं का?"

मी खूश. आजवर कुणी ओळखला नव्हता.

"आमचीबी मॅसीच हाय. किती एचपी?"

"मामा, खेळणं आहे हे."

"ते दिसतंय की. पन किती एचपी?"

मी गप्प. मामांनी चष्मा पुसला, ट्रॅक्टर उलटा केला, चाक फिरवलं, कानाशी नेऊन परत फिरवलं. "बेरिंगचा आवाज न्हाई," म्हणाले. बेरिंगच नाही तर आवाज कुठला येणार, पण हे मी मनात म्हटलं. मग त्यांची नजर मागं गेली. "हुक न्हाई. मग ह्यो वडतोय काय?"

"काही नाही. शोकेसमध्ये असतो."

"म्हंजी बसून खातोय." मामांनी तो लेथवाल्याला दाखवला. "आमच्यात बी हाय एक असा. थोरल्याचा."

तेवढ्यात त्यांना स्टिअरिंगची जागा मोकळी दिसली. शेजारच्या गाळ्यातली दोन पोरं बोलावण्यात आली. चहा आला. "आरं स्टिअरिंगच न्हाई," मामा त्यांना सांगत होते, "पासिंग कसं केलं असंल ह्याचं?" यावर एका पोरानं गंभीरपणे विचारलं की एजंट कोण होता.

लेथवाल्यानं गॅसची नळी उचलली. "हुकाला एक टाका मारतो, लगेच हुतंय." मी अक्षरशः आडवा पडलो. हा धातू म्हणजे मॅझॅक, जस्ताचा मिश्रधातू, जुन्या कार्बोरेटरचा असतो तसला. ३८५ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. तुमच्या त्या ज्योतीपुढं ट्रॅक्टर क्षणात डबकं होईल. आणि ओतताना त्यात शिसं जास्त गेलं असेल तर कुणी हात न लावताही वर्षानुवर्षं आतल्या आत फुगतो, तडकतो, भुगा होतो. त्यावर औषध नाही. चाळीस वर्षांपलीकडच्या माणसाला हे ऐकून थोडं बरं वाटत नाही, ते सोडा.

माझी तक्रार वेगळीच आहे. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. इथल्या फाउंड्र्यांत चौदाशे अंशांचं लोखंड रोज पाण्यासारखं ओततात. दुनियेतल्या कुठल्याही इंजिनाचा पार्ट दाखवा, संध्याकाळपर्यंत तसाच करून देतात. पण नखाएवढं स्टिअरिंग म्हटलं की सगळे हसतात आणि नातवाची चौकशी करतात. शाफ्ट मोडला की तो धंदा, माझा हुक मोडला की तो बालहट्ट.

हुक शेवटी मामांनीच केला. सायकलची मोडकी तार मागवली, पकडीनं वाकवली, कानसीनं टोक घासलं. लेथवाल्यानं अगदी बारीक ड्रिल धरून भोक पाडलं, मी अरल्डाइट लावलं. हुक किंचित डावीकडं झुकलाय. "नांगूर वडताना सरळ हुतंय," मामा म्हणाले. आणि मग ते पैशाचं झालं.

स्टिअरिंग इंग्लंडहून मागवलंय. तिकडं या मॉडेलांचे सुटे पार्ट नव्यानं ओतून विकतात, चाकांचे टायरसुद्धा. पार्टाची किंमत चहा-भज्याची, टपालखर्च सहकुटुंब जेवणाचा, आणि कस्टमचं काय होईल ते पाकीट फोडल्यावर. पाकीट निघालंय एवढं कळतं. कुठं अडकलंय ते कुणी सांगत नाही. त्या मदत क्रमांकावरची बाई मला विचारते, वस्तूचं वर्णन काय? मी म्हणतो, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग. ती म्हणते, वजन? मी म्हणतो, अर्धा ग्रॅम असेल. ती फोन ठेवते.

मामांनी निघताना माझा नंबर घेतला होता. आता दर बाजारच्या दिवशी त्यांचा फोन येतो. बाकी काही विचारत नाहीत.

"आलं का स्टिअरिंग? न्हाई, पेरणी तोंडावर आलीया म्हणून इचारतोय."