दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर: स्पीड टेस्टचा आकडा, रेंगाळणारा बॅकअप आणि ‘नावापुरतं’ मशीन लर्निंग

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: आमचं सॉफ्टवेअर (कॉम्प्युटरमधून नेटवर जाणाऱ्या-येणाऱ्या डेटात कोणाला आधी सोडायचं हे ठरवणारं) चालू केलं की स्पीड टेस्टचा आकडा घसरतो, बॅकअप रेंगाळतो, ते गेमला पुढे सोडतं आणि त्याच गेमच्या अपडेटला मागे ढकलतं, शेजारच्या लॅपटॉपवर कोणी मोठी फाइल उतरवायला लावली की कॉल तुटायचा तो तुटतोच, आणि मशीन लर्निंग ही नुसती पाटी आहे, नसेल तर तुम्ही आमचा डेटा वाचत असणार. हेच प्रश्न इतरांनाही पडतात, म्हणून उत्तर इथेच, सगळ्यांसमोर देतोय.

स्पीड टेस्टचा आकडा घसरतो हे खरं आहे आणि तो घसरायलाच हवा. समजा, अपलोडची क्षमता १० एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे डेटा तात्पुरता थांबतो त्या जागेत, १ एमबी डेटा तुंबलाय. तो निघून जायला ८०० मिलिसेकंद लागतात. त्याच्यामागे अडकलेलं तुमच्या आवाजाचं पॅकेट (नेटवरून डेटा अशा छोट्या तुकड्यांनीच जातो) तेवढा वेळ ताटकळतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते, की आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलण्यात सहसा अडचण येत नाही. म्हणजे ‘स्पीड चांगला आहे, तरी कॉल अडखळतो’ यात गूढ काही नाही. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. नेटचा प्लॅन वाढवून ते बरं करू पाहणं म्हणजे बहुतेक वेळा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आम्ही काय करतो? कॉम्प्युटरमधला डेटा आम्ही लाइनच्या खऱ्या क्षमतेपेक्षा किंचित कमी वेगाने सोडतो. मग रांग मोडेममध्ये लागत नाही, आमच्याकडे लागते, आणि कोणी आधी जायचं हे आम्हाला ठरवता येतं. तो ‘किंचित कमी’ भाग तुम्हाला स्पीड टेस्टमध्ये दिसतो. स्पीड टेस्ट ओळखून तेवढ्यापुरती वाट मोकळी करून देणं काही अवघड नव्हतं. आकडा छान आला असता, तारेही कदाचित वाढले असते. तसं आम्ही मुद्दाम केलेलं नाही.

आता मशीन लर्निंग. इथे तुमच्याशी मी अर्धा सहमत आहे. बराचसा फायदा रांगेच्या शिस्तीतूनच मिळतो आणि ती शिस्त आमचा शोध नाही. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट त्यात किती वेळ थांबलं हे ती पाहते. थांबणं ५ मिलिसेकंदांच्या वर गेलं आणि तसंच राहिलं, की ती काही पॅकेट्स टाकून द्यायला सुरुवात करते, म्हणजे पाठवणारा वेग कमी करतो. यात शिकणारं मॉडेल कुठेच नाही. ‘एआयने नेट वेगवान’ असल्या जाहिराती मलाही पटत नाहीत.

पण कोणाला पुढे सोडायचं हा प्रश्न उरतोच, आणि तो यादी करून सुटत नाही. तुम्ही सुचवलं आहे, ‘पोर्ट नंबर बघा आणि ठरवा.’ (पोर्ट नंबर म्हणजे डेटा कोणत्या सेवेचा आहे ते सांगणारा दार-क्रमांक.) एके काळी ते चालायचं. आज बरंचसं ४४३ या एकाच पोर्टवरून जातं. २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा डेटा पाठवण्याचा नवा प्रोटोकॉलसुद्धा वेबसाठी तोच क्रमांक वापरतो, फक्त यूडीपी या वेगळ्या वाहतूक पद्धतीवर. ॲपचं नाव पाहावं तर ब्राउझर एकच: एका टॅबमध्ये मीटिंग, दुसऱ्यात व्हिडिओ, तिसऱ्यात फाइल चढतेय. तुमच्या गेमचंही तेच. खेळ आणि त्याचं अपडेट एकाच प्रोग्रॅममधून येतात. पण खेळताना उशीर नडतो आणि अपडेट दहा मिनिटं उशिरा आलं तर काही बिघडत नाही. म्हणून आम्ही ॲपला दर्जा देत नाही, त्यातल्या प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे एकेका कामासाठी चाललेल्या पॅकेट्सच्या ओळीला, देतो. तुम्हाला जो विसंगतपणा वाटला, तेच खरं तर मॉडेलचं काम आहे.

ते ओळखतं चालीवरून. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते कळतं, त्यासाठी त्या माणसाचं बोलणं ऐकावं लागत नाही, तसंच हे. कॉलची पॅकेट्स लहान असतात, साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक, दोन्ही दिशांनी. व्हिडिओ एकदम मोठा घोट घेतो, थांबतो, परत घेतो. फाइल उतरताना एका दिशेने भरगच्च पॅकेट्स आणि उलट दिशेने फक्त छोट्या पोचपावत्या. पॅकेटचा आकार, दोहोंमधलं अंतर, दिशा, सुरुवातीची काही पॅकेट्स, बस. आतला मजकूर बहुतेक वेळा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, असतो. तो आम्ही उघडत नाही आणि आम्हाला लागतही नाही. मॉडेल तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं. अर्थात नुसत्या चालीवरूनही माणूस काय करतोय याचा अंदाज बांधता येतो, म्हणून तुमची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. या नोंदी कॉम्प्युटरबाहेर जात नाहीत, ते याचसाठी.

मॉडेलचा अंदाज चुकू शकतो, पण सगळ्या चुका सारख्या नसतात. बॅकअपला कॉल समजलं तर थोडी जागा वाया जाते. कॉलला बॅकअप समजलं तर समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तुटतं. म्हणून खात्री नसेल तर प्रवाह मधल्या रांगेत राहतो, आणि पुढच्या रांगेलाही मर्यादा आहे, कोणी चुकून तिथे घुसलं तरी सगळी लाइन गिळू नये म्हणून. बॅकअपला शेवटचा नंबर मिळतो, पण लाइन रिकामी असली की तो जवळपास पूर्ण वेगाने जातो. तुम्हाला तो आधी हवा असेल तर सेटिंगमध्ये त्याला हाताने वर नेता येतं. मॉडेल त्यात ढवळाढवळ करत नाही.

शेजारच्या लॅपटॉपचं मात्र आमच्या हातात नाही, आणि हे उत्पादनाच्या पानावर सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. एका कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला थांबवू शकत नाही. आम्ही पॅकेटवर डीएससीपीची, म्हणजे ‘याला किती प्राधान्य द्या’ हे सांगणारी, खूण करतो (कॉलसाठी ४६), पण राउटरने ती मानली तरच उपयोग. पुढे इंटरनेट कंपन्या अनेकदा ती पुसूनच टाकतात. येणाऱ्या डेटावर तर आमचा ताबा आणखी कमी. तो अरुंद वाट ओलांडूनच आलेला असतो, त्यामुळे थोडा अडवून पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावणं, एवढंच शक्य असतं. घरात चार-पाच उपकरणं एकाच वेळी लाइन भरत असतील तर आमचं सॉफ्टवेअर घेऊ नका. कोडेलसारखी रांग सांभाळणारा राउटर घ्या. यात आमचं गिऱ्हाईक जातं, तरी सांगतो.

तुमच्यासाठी एक चाचणी सुचवतो. बाकी उपकरणं बंद ठेवा, मोठी फाइल अपलोडला लावा आणि त्याच वेळी पिंग (एक पॅकेट जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालवा. एकदा सॉफ्टवेअर बंद ठेवून, एकदा चालू करून. वेगाचा आकडा बाजूला ठेवा, पिंगचे मिलिसेकंद बघा. फरक दिसला नाही तर दोन्ही आकडे सपोर्टच्या पत्त्यावर पाठवा; पैसे परत करू, कारण विचारणार नाही.