काकू, तुम्ही फक्त इथे सही करा

गेल्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. महिनाअखेरीस ती निवृत्त होतेय. नोकरीत शंभरेक माणसं हाताखाली सांभाळलेली बाई, पण आवाजात धास्ती होती. "अगं, एवढी रक्कम एकदम खात्यात कधी आलीच नव्हती. रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतोय. तुझ्या पैशांचं कोण बघतं? चांगली आहे ना ती सल्लागार? नंबर दे ना तिचा."

नंबर मी लगेच दिला नाही. आधी तासभर बोलले. तेच इथे लिहितेय, कारण येत्या वर्षभरात निवृत्त होणारे माझ्या यादीत बरेच जण आहेत. मला जे कळायला बरीच वर्षं आणि मोठा भुर्दंड लागला, ते निदान तुम्हाला तरी आधी कळावं.

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा घरी एक मुलगा यायला लागला. पस्तिशीचा असेल. ह्यांच्याच ऑफिसातल्या कुणीतरी पाठवलेला. स्वभावाने अतिशय गोड. ह्यांना काका, मला काकू. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दवाखान्यात तीन तास बसून होता, हे मी आजही विसरलेले नाही. कागद घेऊन यायचा तेव्हा सह्यांच्या जागी आधीच पेन्सिलने फुल्या मारलेल्या असायच्या. "काका, तुम्ही इथे, इथे आणि इथे. काकू, तुम्ही फक्त इथे." मी चष्मा शोधेपर्यंत त्याने पान उलटून धरलेलं असायचं, आणि वरच्या मजकुरावर त्याचा तळहात. मला वाटायचं, किती अदबीने कागद धरतो.

चार वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर दोनेक महिन्यांनी ती फाईल मी पहिल्यांदा स्वतः उघडली. पोस्टात पंचवीस वर्षं नोकरी केलेली बाई मी, आकड्यांना घाबरणारी नाही. पण घरातली गुंतवणूक हे बघतात, हे गृहीतच धरलेलं.

निवृत्तीच्या रकमेतला मोठा वाटा विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या एका योजनेत गेला होता. दहा वर्षं दरवर्षी हप्ता भरायचा! ज्याचा पगार नुकताच थांबलाय, त्याच्या गळ्यात वार्षिक हप्ता. मधेच सोडली तर भरलेल्या पैशातून घसघशीत कपात. उरलेले पैसे म्युच्युअल फंडांत, पण तिथेही दीड-दोन वर्षांनी जुना विकून नवा घेतलेला. मी एकेक व्यवहार तारखेप्रमाणे वहीत उतरवला. अकरा वेळा अदलाबदल. त्यातल्या एकाही वेळी आमच्या आयुष्यात काही बदललेलं नव्हतं.

मी त्याला फोन केला. ह्यांचं कळल्यावर त्याचा आवाज खरोखर भरून आला. मग म्हणाला, "काकू, मी आता त्या कंपनीत नाही."

तो मुलगा लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याला महिन्याचं टार्गेट होतं, आणि विकलेल्या मालावर त्याचं घर चालत होतं. आम्ही त्याला सल्लागार समजत होतो, पण काम विक्रेत्याचं होतं. आम्ही तसं कधी विचारलं नाही आणि त्याने आपणहून सांगितलं नाही. माणूस चांगला आहे का, हे पारखण्यात आपण सगळा जीव ओततो. घरंदाज आहे, बोलणं मऊ आहे, अडीअडचणीला धावून येतो. पण त्याला पैसे कोण देतं, हा प्रश्न तोंडातून निघत नाही. अपमान होईल असं वाटतं.

अपमान होत नाही, विचारा. "माझ्याकडून, आणि माझ्यामुळे दुसऱ्या कुणाकडून, तुम्हाला वर्षाला एकूण किती मिळणार? लिहून द्याल?" एवढंच. जो नीट काम करतो तो पाच मिनिटांत लिहून देतो. "तुम्हाला काहीच द्यायचं नाही, माझी सेवा फुकट आहे" असं उत्तर आलं तर समजा की पैसे तुमच्याच रकमेतून जाणार आहेत, फक्त तुम्हाला दिसणार नाहीत.

ही काही माझी एकटीची शंका नाही, सरकारांनाही ती आलेली आहे. ब्रिटनने २०१२ च्या अखेरपासून गुंतवणुकीच्या नव्या सल्ल्यावर कंपन्यांकडून कमिशन घेणं सल्लागारांना बंद केलं. नेदरलँड्सने १ जानेवारी २०१४ पासून तेच केलं. भारतात शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने गुंतवणूक सल्लागारांसाठी वेगळे नियम २०१३ मध्ये आणले, आणि २०२० मध्ये आणखी स्पष्ट केलं की एकाच ग्राहकाला फी घेऊन सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर मालही विकायचा, असं चालणार नाही. अमेरिकेत सल्लागारांचा कायदा १९४० चा आहे. त्याखाली नोंदलेल्या सल्लागाराने ग्राहकाचं हित आधी बघायचं, हे बंधन आहे. तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय ते बाजूला ठेवा. तुमच्या देशात जो नियामक असेल त्याच्या वेबसाइटवर जाऊन त्या माणसाचं नाव आणि नोंदणी क्रमांक स्वतः घालून बघा. नोंदणी कशाची आहे तेही वाचा, सल्ला देण्याची की विकण्याची. विकणाऱ्याकडून घ्यायचंच नाही असं नाही. तो विकतोय हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आता फीबद्दल, कारण मैत्रीण तिथेच अडखळली. "एक टक्का घेतो म्हणाला, एक टक्का म्हणजे काय गं!" मी तिला फोनवरच हिशेब करायला लावला. १०० धरले आणि दरसाल ६ टक्क्यांनी वाढले, तर २५ वर्षांनी ४२९ होतात. दरवर्षी एक टक्का फी गेली, म्हणजे वाढ ५ टक्क्यांची राहिली, तर ३३९. नव्वदचा फरक. आणि निवृत्त माणूस तर त्यातून काढून खाणार. तू वर्षाला ४ टक्के काढतेस आणि तो १ टक्का घेतो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाचातला एक त्याचा. फी देऊ नये असं माझं म्हणणं नाही, मी आज आनंदाने देते. पण मी ठरावीक रक्कम देते, वर्षातून एकदा, स्वतःच्या हाताने. दिली की कळतं किती दिली, आणि त्या बदल्यात काय मिळालं हे विचारायची लाज वाटत नाही.

दुसरी गोष्ट मी फार आग्रहाने सांगते. सल्ला देणारा आणि पैसे सांभाळणारा एकच असता कामा नये.

बर्नार्ड मॅडॉफचं प्रकरण आठवतंय? तो अमेरिकेतल्या नॅस्डॅक शेअर बाजाराचा माजी अध्यक्ष होता. डिसेंबर २००८ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा लोकांच्या खात्यांवर, कागदोपत्री, सुमारे ६५ अब्ज डॉलर होते. खरे पैसे त्याच्या आसपासही नव्हते, नव्या लोकांच्या पैशातून तो जुन्यांना देत होता. लोक फसले कसे? त्याने काही दामदुप्पट कबूल केलं नव्हतं. १९२० साली अमेरिकेत चार्ल्स पॉन्झी नावाच्या ठकाने ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून सांगितलं होतं, ते ऐकून आज तुम्ही-मी सावध होऊ. मॅडॉफ देत होता बेताचाच परतावा, पण वर्षानुवर्षं जवळजवळ न चुकता. निवृत्त माणसाला नेमकं तेच हवं असतं. आणि मुख्य म्हणजे पैसे त्याच्याच फर्मकडे होते, खात्याचे उतारेही त्याचीच फर्म छापून पाठवत होती. हिशेब तपासणारी संस्था इतकी छोटी, की प्रत्यक्ष काम करणारा अकाउंटंट एकच. बरेचसे लोक त्याच्याकडे ओळखीतून, क्लबमधून, धर्मादाय संस्थांमधून गेले होते. प्रत्येकाला वाटलं, आपल्या आधीच्याने चौकशी केलीच असणार.

म्हणून मी मैत्रिणीला नंबर द्यायला कचरले. माझा अनुभव चांगला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिची चौकशी तिनेच करायची.

ह्यांच्यानंतर मुलीने तीन जणांची नावं काढली, तिघांनाही मी भेटले. पहिल्याने खुर्चीवर टेकताटेकताच एका योजनेचं रंगीत पत्रक समोर ठेवलं. माझं वय विचारायच्या आधी! दुसरा बरा होता, पण मुलीशीच बोलत राहिला, पैसे माझे असूनही. तिसरी एक बाई. पहिल्या भेटीत दोन तास तिने फक्त प्रश्न विचारले. महिन्याला किती लागतं, घर कुणाच्या नावावर, औषधं कोणती, कुणाला पैसे देणं आहे का. मग विचारलं, "आई किती वर्षं जगली तुमची?" मी म्हटलं, एक्क्याण्णव. तिने लिहून घेतलं आणि म्हणाली, "मग पंच्याण्णवपर्यंतचा हिशेब धरू या." इतक्या महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदाच मी अजून खूप जगणार आहे असं धरून बोललं होतं. घरी येऊन मी रडले.

पेन्सिल तिच्याही हातात होती. पण तिने कागद माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि आकडे उलट्या बाजूने लिहीत गेली, मला सरळ दिसावेत म्हणून. "समजा १०० आहेत. वर्षाच्या सुरुवातीला ५ काढले, राहिले ९५. त्याच वर्षी बाजार ३० टक्के पडला, झाले साडेसहासष्ट. पुढचे ५ काढले, साडेएकसष्ट. आता परत १०० व्हायला ६२ टक्क्यांहून जास्त वाढ लागेल. नोकरीत असताना बाजार पडला तर तुम्ही थांबू शकत होतात. आता दर महिन्याला काढावं लागणार, म्हणून पहिल्या काही वर्षांचा खर्च बाजाराबाहेर ठेवायचा." दहा मिनिटांत मला जे कळलं ते आमच्या घरी एवढी वर्षं येणाऱ्याने कधी सांगितलं नव्हतं.

निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा रकमेतले चार टक्के काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची, अशा चार टक्क्यांच्या नियमाबद्दल मी कुठेतरी वाचलेलं, ते विचारलं. तिने सांगितलं की तो विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराचा १९९४ चा अभ्यास, अमेरिकेतल्या १९२६ पासूनच्या आकड्यांवर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी केलेला. सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक, पण तुमच्या महागाईला आणि तुमच्या आयुष्याला तो जसाच्या तसा लावू नका. मग मी विचारलं, बाजार यंदा काय करेल? म्हणाली, "मला माहीत नाही." त्या वाक्याने माझा निर्णय झाला.

तिचा पहिला सल्ला होता, घरदुरुस्तीचं उरलेलं कर्ज फेडून टाका. त्यात तिला एक पैसाही मिळणार नव्हता. विम्याची ती योजना चालू ठेवली तर काय, बंद केली तर काय, पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी विम्यावर तशीच ठेवली, तर काय, तिन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी पेड-अप केली. आणि निघताना तिने सांगितलं, "माझ्या नावाने चेक फक्त फीचा लिहायचा. गुंतवणुकीचा चेक माझ्या नावाने कधीही लिहू नका, मी मागितला तरी." उतारे आता थेट फंडाकडून आणि बँकेकडून येतात. मी ते तिच्या तक्त्याशी ताडून बघते.

"आजच्या आज ठरवा" म्हणणाऱ्याला मी दारातूनच निरोप देते, त्यावर आणखी लिहीत नाही.

वयाबद्दल मात्र लिहायला हवं. २००९ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी कर्ज आणि क्रेडिट कार्डाच्या व्यवहारांतल्या चुका वयाप्रमाणे तपासल्या. सगळ्यात कमी चुका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी होत होत्या, पुढे वाढत जात होत्या. मी सहासष्टची आहे. आज मला सगळं कळतंय, पण ऐंशीव्या वर्षी मी "इथे फक्त सही करा" ला पुन्हा हो म्हणेन का, याची खात्री मी देऊ शकत नाही. म्हणून आत्ताच एका पानावर लिहून ठेवलंय, पैसे कुठे आहेत, कशासाठी आहेत, आणि काय कधीच घ्यायचं नाही. उताऱ्यांची प्रत मुलीला जाते. सही माझीच. घरच्यांवरही सगळा भार टाकू नये, त्यांचाही मोह आणि त्यांच्याही अडचणी असतात. बघणारे डोळे दोन जोड असावेत, एवढंच.

गुरुवारी मैत्रीण दोन सल्लागारांना भेटणार आहे. मी सोबत जातेय, गप्प बसायला. तिचा नवरा म्हणत होता, "मला यातलं काही कळत नाही, तूच बघ." मी त्यांना स्वतः फोन केला. म्हटलं, भावजी, मी हेच चौतीस वर्षं म्हणत होते, आणि मग ती फाईल मला एकटीला उघडावी लागली.

ते येतायत.