आमचा कायदेशीर लॅपटॉप

अख्ख्या कोथरूडमध्ये अमेरिकेचा कायदा काटेकोर पाळणारी एकच वस्तू असावी, ती म्हणजे आमचा लॅपटॉप. भाच्याने न्यू जर्सीत घेतला, वापरला आणि सुट्टीला आला तेव्हा "मामा, तुलाच राहू दे" म्हणून ठेवून गेला.

घरातले सगळे फोन आमच्या वायफायवर सुखाने नांदतात. लॅपटॉपला मात्र ते दिसतच नाही. वरच्या लेल्यांचं दिसतं, खालच्या क्लासचं दिसतं, समोरच्या बिल्डिंगमधलं 'पासवर्ड मागू नये' या नावाचंही दिसतं. आमचा राउटर त्याच टेबलावर वीतभर अंतरावर दिवे लुकलुकवत बसलाय, तेवढा नाही.

इंटरनेटवाला मुलगा आला. त्याने राउटर बंद करून चालू केला, "काका, लॅपटॉपचाच प्रॉब्लेम आहे" असं सांगितलं आणि चहा न घेता गेला. रोगाचं निदान शेवटी भाच्याने व्हिडिओ कॉलवर केलं: राउटर १३ नंबरच्या चॅनेलवर गेलाय. (चॅनेल म्हणजे रेडिओच्या स्टेशनसारखी, वायफायने बोलायची ठरावीक जागा.)

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल चालतात, आणि २००५ पासून त्यासाठी लायसन्सही लागत नाही. (आमच्या आजोबांना नुसता रेडिओ ऐकायला पोस्टात पैसे भरावे लागत.) अमेरिकेत विकायच्या मशिनांत मात्र साधारण ११ पर्यंतचीच दारं उघडी ठेवतात. जपानने तर जुन्या वायफायसाठी १४ वाही काढून ठेवला होता. आमच्या राउटरने बिल्डिंगमधली गर्दी बघून आपणहून १३ वर मोकळी जागा धरली, आणि लॅपटॉपच्या लेखी १३ नावाचं काही जगातच नाही. सिग्नल लाल असताना थांबलेल्या माणसाला मागून हॉर्न वाजवणाऱ्या गावात हे पात्र येऊन पडलं.

"सोपंय मामा, देश बदल." लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स नावाची प्रणाली आहे. भाच्याने सांगितलेला हुकूम काळ्या खिडकीत टाइप केला, देश भारत केला. मशिनने निमूट ऐकलं आणि काहीही झालं नाही. लॅपटॉपमधल्या वायफाय कार्डाच्या पोटात कारखान्यातच अमेरिका लिहिलेली होती. मग चालतं ते एवढंच, जे आपण सांगितलेल्या देशाला आणि पोटातल्या देशाला, दोघांनाही मंजूर आहे. लग्नाच्या बैठकीत एका पक्षाने नकाराची मान हलवली की यादीतलं कलम गेलं, तसं. थोडक्यात, देश बदलून नियम आणखी कडक करता येतात, सैल नाही. ही कल्पना ज्याला सुचली तो नक्की सोसायटीचा सेक्रेटरी असणार.

त्यात राउटरसुद्धा हवेत आपला देश सांगत असतात, आणि काही लॅपटॉप त्यावर विश्वास ठेवतात. लेल्यांच्या मुलाने दुबईहून आणलेला राउटर आमच्या जिन्यात अहोरात्र 'मी अमिरातीत आहे' असं पुकारत असतो. मेंटेनन्स मात्र इथलाच भरतात.

"मग ५ गिगाहर्ट्‌झवाला नवा राउटर घे," भाचा म्हणाला. तिथली तऱ्हा वेगळी. बऱ्याच देशांत ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर तोंड उघडण्याआधी राउटरने निदान मिनिटभर गप्प राहून आसपास रडार आहे का ते ऐकायचं, आणि नंतरही कधी रडार ऐकू आलं की मुकाट्याने जागा सोडायची. लोहगावचा विमानतळ याच शहरात आहे म्हटल्यावर मला शंका आली. शिवाय बोलण्याआधी मिनिटभर दुसऱ्याचं ऐकून घेणारं काही पुण्यात टिकेल यावर हिचा विश्वास बसेना. ("घरात तरी नाही," असं तिचं मत.)

मग राउटरच ११ वर आणून बसवला. लॅपटॉपला तत्काळ दिसला. संध्याकाळी लेले खाली आले.

"अहो, तुम्ही ११ वर आलात. आम्ही आधीपासून तिथे आहोत. मॅच अडकायला लागली. १३ मोकळं आहे की, मुलाने फोनवर बघितलं. तिकडे जा."

"लेले, आमच्या लॅपटॉपला तिकडचा व्हिसा नाही."

"मग ज्याने आणला त्याला परत द्या," म्हणाले आणि जिना चढून गेले.