‘ॲव्हिल पुरे’ म्हणणाऱ्या मेसेजला कॅज्युअल्टीतून उत्तर

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मधमाशी चावून किंवा औषधाची, खाण्याची रिॲक्शन आली तर ॲव्हिल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन पुरे. अंगावर पित्त उठलं नसेल तर ती ॲलर्जी नव्हेच. ॲड्रेनलिन हृदयाला घातक, ते अगदी शेवटी. बरं वाटलं की घरी जा. मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत काम करते. यातल्या एकेका वाक्याने माणूस जाऊ शकतो, म्हणून लिहितेय.

आधी पित्ताचं. सिंहगडावर आग्या मोहोळ उठलं आणि पस्तिशीतल्या एकाला मित्रांनी दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं. अंगावर एकही गांध नाही. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, वाटेत दोनदा उलटी, वरचं बीपी 70. मित्र म्हणाले, ‘‘मॅडम, ऊन लागलं असेल.’’ आडवं झोपवून मांडीत ॲड्रेनलिन दिलं, पाय वर घेतले, सलाइन जोरात सोडलं. 5 मिनिटांनी दुसरा डोस. बीपी चढलं आणि मग कुठे छातीवर लाल गांधी दिसायला लागल्या. तोवर कातडीपर्यंत पुरेसं रक्तच पोचत नव्हतं!

याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. तिच्या 10 ते 20 टक्के पेशंटांत त्वचेवर काहीच दिसत नाही. दंशानंतर अचानक बीपी पडलं, आवाज घोगरा झाला किंवा छाती घरघरायला लागली, तर तेवढ्यावर निदान करून ॲड्रेनलिनचं इंजेक्शन टोचायचं. ट्रिप्टेज नावाची रक्ततपासणी आहे, ती नंतर खात्री करायला उपयोगी पडते. तिच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही.

ॲव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात. घशाची सूज आणि पडलेलं बीपी तिच्याने आवरत नाही. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात आणि आपल्या हातात तास नसतात. ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ खाण्याच्या ॲलर्जीत 30 मिनिटं, दंशात 15 आणि हॉस्पिटलमध्ये दिलेल्या औषधांच्या रिॲक्शनमध्ये जेमतेम 5 मिनिटं निघाला. तिथल्या 2021च्या मार्गदर्शक सूचनांनी तर ॲव्हिलसारखी औषधं सुरुवातीच्या उपचारातून काढूनच टाकली. नुसत्या गांधी असतील तर आमसुलाचं पाणी लावायला माझी काही हरकत नाही.

ॲड्रेनलिनची भीती कुठून आली ते मला समजतं. हेच औषध घाईत थेट शिरेत गेलं तर हृदयाचे ठोके खरोखर बिघडतात. आपण ते शिरेत देत नाही. मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलीची अर्धी अँप्यूल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायची. मुलांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. धडधड होते, हात थरथरतात, थोड्या वेळाने थांबतात. हृदयविकार असलेल्यालाही ॲनाफिलॅक्सिसमध्ये ते द्यायचंच, कारण पडलेलं बीपी त्याच्या हृदयाला जास्त महाग पडतं. आणि हे औषध अगदी स्वस्त आहे, छोट्या दवाखान्यातही ठेवता येतं.

‘बरं वाटलं की घरी जा’ हेही चूक. काही जणांना काही तासांनी, दंश पुन्हा झालेला नसतानाही, तोच त्रास उलटतो. म्हणून दोन डोस लागलेल्या पेशंटला आम्ही निदान 6 तास तरी सोडत नाही. त्या गृहस्थांना रात्रभर ठेवलं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला त्याहून जास्त सलते. 108 ला फोन करून गाडी येईपर्यंत पेशंटला आडवंच ठेवायचं, दम लागत असेल तर टेकवून बसवायचं. पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही, बाथरूमलाही नाही. बीपी पडलेल्या माणसाला एकदम उभं केलं की हृदयाकडे परतणारं रक्त आटतं आणि हृदय तिथल्या तिथे थांबू शकतं. सिंहगडाचा सगळा घाट त्या मुलांनी आपल्या मित्राला दुचाकीवर ताठ बसवून उतरवला होता.