‘ओरिजिनल’वाल्यांनो, आधी वाजवून तरी बघा!

माझ्या बँजोच्या जाहिरातीवर आज परत एकाचा मेसेज. "नेक (म्हणजे दांडी) बदललेली आहे ना? मग निम्म्यात द्या." नमस्कार नाही, चमत्कार नाही, डायरेक्ट निम्म्यात!

माझा बँजो (आपला बुलबुलतरंग नव्हे, अमेरिकन तंतुवाद्य), गिब्सन कंपनीचा मास्टरटोन मॉडेलचा, विकायला काढलाय. १९२० च्या दशकाच्या अखेरचा, मुळात चार तारांचा टेनर. आता पाच तारांचा केलेला आणि नीट रिस्टोअर केलेला. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत हे लिहिलंय: रिम (गोल लाकडी कडं), टोन रिंग (त्यावरची धातूची कडी), फ्लँज (रिमभोवतीची धातूची पट्टी), रेझोनेटर (मागचं लाकडी झाकण) जुनं; नेक, खुंट्या, हेड (वर ताणलेली पातळ चकती), ब्रिज (तारांखालची घोडी) नवं. तरी लोक मोठा शोध लावल्यासारखं ते मलाच ऐकवतात.

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ बघायला आले. आल्या आल्या थंबस्क्रू सोडवून रेझोनेटर काढला, मोबाइलचा टॉर्च मारून रिमच्या आतला नंबर वाचला, फोटो काढले. तारेला बोट लावलं नाही! वर मला म्हणतात, "वाट लावलीत हो याची."

अहो, वाट कसली? तेव्हा जॅझ बँडमध्ये टेनरच चालायचे. पुढे गिटार आली आणि ते धूळ खात पडले. मग १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा बँजोवादक बिल मन्रोच्या ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) बँडमध्ये आला, तीन बोटांनी वाजवायची त्याची पद्धत गाजली आणि जो तो पाच तारांच्या मागे लागला. जुने पाच तारांचे होते तरी किती? म्हणून टेनरच्या पॉटला (नेक सोडून उरलेल्या गोल भागाला) नवी, लांब नेक बसवायला लागले. १९ पडद्यांच्या जागी २२, आणि पाचव्या पडद्यापाशी जास्तीची खुंटी. नेक आतल्या रॉडवर आवळलेली असते. सोडवली की निघते. जुन्या रिमला नवं भोकसुद्धा पाडावं लागत नाही. मग वाट लागली, हे न वाजवताच कळलं का त्या गृहस्थांना?

बरं, मूळचाच पाच तारांचा नग महाग असणार, मान्य. मग तो घ्या की! मी कुठे तेवढे मागतोय?

खरं सांगू, चिडायचं तर विकणाऱ्यांवर चिडायला हवं. नव्या नेकवर जुन्यासारखं इनले (शिंपल्याची जडवलेली नक्षी) करायचं, ‘विंटेज’ एवढंच लिहायचं आणि गप्प बसायचं. ते गृहस्थही जाता जाता म्हणाले, एकदा असेच फसलेत. तेव्हा जरा वाईट वाटलं. टॉर्च मारणारच माणूस. पण मग एक रोल (बोटांनी एकामागून एक तारा छेडायचा ठेका) वाजवायला काय हरकत होती?

हेड ताणणाऱ्या हुकांवरचं निकेल उडालंय, ते मी परत चढवलेलं नाही. लॅकरच्या बारीक भेगाही तशाच ठेवल्यात. नवं दिसावं म्हणून पॉलिश मारून देणार नाही, विचारू नका.

आणि जुनी टेनर नेक केसमध्येच आहे, ती बँजोबरोबरच जाईल. "फक्त नेक देता का?" म्हणून दोघांनी इनबॉक्समध्ये विचारलंय. नाही. मिळणार नाही.